‘ओ’ म्हणजे नातू

अल्लीपूर

प्रिय वर्षाली,

तू त्या मुलाशी लग्न करण्याबद्दल विचारलंस त्याला महिना होत आला. मी ‘पाहू’ म्हणालो आणि फोन तुझ्या आईच्या हातात दिला. तेव्हापासून मन कशात लागत नाही. आरतीत कडवं सुटतं. कपाशीत जाऊन उभा राहतो आणि कशाला आलो होतो ते आठवत नाही. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून हे लिहून ह्या कागदाचा फोटो पाठवतो आहे.

तू आयर्लंडला नर्स म्हणून गेलीस, तेव्हा लोकांना सांगताना छाती भरून यायची. आता तेच लोक दिसले की मी वाट बदलतो. अडतं ते त्या मुलाच्या आडनावाशी. ओ’लिअरी. तू समजावून सांगितलं होतंस, की त्यांच्या जुन्या भाषेत ‘ओ’ म्हणजे नातू, वंशज, आणि लिअरी म्हणजे वासरं राखणारा. इंग्रजांच्या राज्यात त्यांच्या घराण्यानं तो ‘ओ’ गाळला होता, त्याच्या पणजोबांनी पुन्हा लावला. तुझ्या आईला त्यातलं ‘ओ’ तेवढं कळलं. “इथं मी नवऱ्याले ओ, ओ करता करता म्हातारी झाली, तिकडं तं साऱ्या खानदानालेच ओ म्हनतेत!” महिन्याभरात घरात तेवढंच हसू झालं.

तुझ्या मोठ्या बाबांनाही मी तो अर्थ सांगितला. वाटलं, गाईवासरांचं नाव ऐकून आमचे थोरले बंधू बबनदादा मवाळ होतील. ते भडकलेच. “गुराख्याच्या घरी पोरगी देऊन राह्यला काय बे? देवक नाई, गोत्र नाई!” मी विचारलं, दादा, आपल्या उमाटे नावाचा तरी अर्थ काय? ते तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले. मग म्हणाले, “आपल्याले काय कराचा अर्थ? आपल्याले गाव ओयखते.” त्या वाक्यानं माझी झोप गेली, कारण ते खोटं नव्हतं. त्या मुलाला इथं कोण ओळखतं?

चतुर्थीला केळझरच्या गणपतीला गेलो. तुम्हा दोघांच्या नावानं अभिषेक सांगितला. पुजाऱ्यानं मुलाचं नाव-गोत्र विचारलं. नाव सांगितलं, गोत्राशी अडलो. मागं लोक खोळंबले. पुजाऱ्यानं मानही वर केली नाही. “ठाऊक नाई ना? मंग काश्यप म्हनतो. ज्याले ठाऊक नाई त्याचं काश्यप.” आणि तुझ्या नावाशेजारी त्याचं नाव घेऊन पुढचा मंत्र सुरू केला. देवाच्या दारात कोणी चमकलं नाही. मी मात्र बराच वेळ पायरीवर बसून राहिलो. शांत वाटलं असं म्हणणार नाही. पण आपण कोणाच्या परवानगीसाठी थांबलो आहोत, ते मला सांगता येईना.

काल हिंगणघाटला प्रेसमध्ये जाऊन आलो. लग्नपत्रिकेची अक्षरं जुळवणारा म्हणाला, “काका, ह्या ‘ओ’च्या पुढचं अक्षर सुटलं वाटते.” मी खूप सांगितलं, पण मलाच उच्चाराची खात्री नाही. म्हणून हे पत्र. त्या मुलाला त्याचं पूर्ण नाव सावकाश म्हणायला सांग आणि त्याचा आवाज पाठव. लग्नाचा मांडव आपल्याच दारात उभा राहील. दादा येतील की नाही, सांगता येत नाही. पत्रिका द्यायला घरोघरी मी स्वतः जाणार आहे, आणि दर दारात ते नाव मलाच वाचून दाखवायचं आहे. ते चुकायला नको.

उत्तराच्या घाईत असलेला तुझाच,
बाबा