मेलेल्या कोळणीचे हातमोजे

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि परवा रविवारी दुपारी तुम्ही नायगावात माझ्या मैत्रिणीच्या घरी चारचौघांत माझी शोभा केलीत. जिवंतपणी हौस फिटली नव्हती बहुतेक.

ऑफिसातले आम्ही चौघं तिच्याकडे एक खेळ खेळतो. फासे टाकायचे आणि आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचं. ह्या खेळात सगळी पात्रं मेलेली असतात. मेल्यावर ती बंदराच्या एका धक्क्यावर जागी होतात आणि आधी आपलं शरीर कसं दिसतं ते सांगायचं असतं. वय, आजार, जखमा, काही बरोबर येत नाही. माणूस मनात स्वतःला जसा धरून असतो तसाच तिथे दिसतो. आमच्यातल्या टक्कल पडलेल्याने लगेच कपाळावर झुलपं आणली. मी घेतली होती कफ परेडच्या मच्छीमार नगरातली एक कोळीण, उन्हात सुकट घालणारी, तोंडाची फटकळ, कुणाच्या बापाला न भिणारी. माझी पाळी आली आणि मी सांगत गेले: उंच, सावळी, अंबाड्यात अबोली, मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज, हातात पांढरे मोजे. मैत्रीण मला थांबवत म्हणाली, "अगं, सुकट घालणारी बाई मोजे घालते होय? आणि आता तर मेलीय ती. कोणापासून लपवतेय?"

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं आणि पाणी प्यायला आत गेले. ती बाई मी मनाने रचली होती हो, माझ्याशी तिचा काही संबंध नव्हता. तिलाही तुम्ही सोडलं नाहीत.

ते मोजे तुम्ही दादरहून आणले होते, दहावी पास झाल्याचं बक्षीस म्हणून. खोका लांबट होता, मला वाटलं घड्याळ. कोड तेव्हा बोटांवरून मनगटावर चढलं होतं. उन्हाने वाढतं, म्हणून घालायचे, असं तुम्ही सांगितलंत. मग संध्याकाळच्या लग्नांना का घालायला लावायचात? हॉलमध्ये कुठलं ऊन होतं?

तुम्ही अडाणी असता तर मी सोडून दिलं असतं. पण तुम्ही लालबागच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. एकदा तुमचा डबा घेऊन मी दवाखान्यात आले होते. औषधाच्या खिडकीपाशी एक बाई रडतेय, तिच्या मुलीच्या ओठाशी पांढरा डाग आहे, आणि तुम्ही बाटलीवर पट्टी चिकटवत तिला समजावताय: "हा रोग लागत नाय, बाई. पोरीला सगळ्यांत जेवायला बसवा." इतका मऊ आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. मी डबा बाकावर ठेवला आणि हाक न मारताच निघून आले. त्याच वर्षी गणपतीत मी आईबरोबर मोदक वळायला बसले. माझ्या कळ्या आईपेक्षा बारीक पडत होत्या. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात नि म्हणालात, "तू ऊठ. लोक खाणार नाहीत." आईने माझे सात मोदक वेगळ्या ताटलीत काढले. ते संध्याकाळी मी आणि आईने खाल्ले. तुम्ही त्यातला एकही उचलला नाहीत, आणि तुम्हाला तर माहीत होतं.

आता माझंही ऐका. तुमच्या दहाव्याला चुलतभाऊ गावाहून वेळेवर पोचला नाही. बाणगंगेवर भटजी खोळंबले होते, म्हणाले, मुलगीच बसू दे. मोजे त्यांनीच काढायला लावले. दहा पिंड होते भाताचे. भटजींनी सांगितलं की ह्या दहांनी मेलेल्याचं पुढचं शरीर घडतं, आधी डोकं, मग मान, खांदे, असं खाली पायांपर्यंत. म्हणजे तिथे तुम्हाला जे काही शरीर मिळालं असेल ते ह्या हातांनी वळलेलं आहे, बाबा. उघड्या. लोकांना सांगितलंत का तिथल्या? का तुम्हीच अंग झाकून बसता?

हे परवापासून मनात घोळवतेय आणि मला फार बरं वाटतंय, हे लपवत नाही. पुढच्या रविवारी कोळणीचे मोजे काढायचे आहेत. मैत्रिणीला मी तसं कळवलंय, जमेल की नाही माहीत नाही. हे पत्र काही कुणी वाचणार नाही, तेव्हा एक सांगते. ते पिंड मी सूड म्हणून वळले नव्हते. सूड आत्ता सुचतोय. तेव्हा मी एकेक पिंड हात ओला करून नीट, भेग न पडू देता वळला, आणि शेवटचा ठेवल्यावर मागे वळून पाहिलं. पिंड बरे झालेत, असं तुम्ही म्हणाल म्हणून.