न आलेला ताप

३ फेब्रुवारी
माझ्याच पेशी मुक्या! आज प्रयोगशाळेत निरोगी रक्त द्यायला कुणी नव्हतं, म्हणून मीच हात पुढे केला. पांढऱ्या पेशींवर जंतूंचं विष घातलं की त्या बोंब ठोकतात — दाह पेटवणारी रसायनं सोडतात. त्यांनीच ताप येतो. ती रसायनं असतील तर प्लेटच्या खळग्यात पिवळा रंग चढतो. माझे खळगे कोरे. मॅडम म्हणाल्या, विष घालायला विसरली असशील. असेन बाई.

४ फेब्रुवारी
पुन्हा तेच.

९ फेब्रुवारी
आज मॅडमनी स्वतः सगळं केलं, आपलं रक्तही माझ्या शेजारी ठेवलं. त्यांचं पिवळंधमक, माझं कोरं. मग म्हणाल्या, "तुला शेवटचा ताप कधी आला होता?"
आठवेना. लहानपणी गळवं व्हायची, न्यूमोनियाही झाला — पण अंग तापल्याचं काही आठवत नाही. डॉक्टरांकडे पाठवलंय.

२ मार्च
जनुकांचा रिपोर्ट आला. पेशी विष ओळखतात, पण आतला निरोप पुढे नेणारं एक प्रथिन जन्मतःच नाही. डॉक्टर म्हणाले, लहानपणी हे जिवावर बेततं, मोठेपणी निवळतं, तू तरलीस. भावंडं? धाकटी एक. आणि दादा होता.
दादा माझ्या जन्माआधीच गेला. मेंदूज्वर म्हणे — आणि ज्वरच नव्हता! "आई असून कळलं नाही?" हे आजी शेवटपर्यंत ऐकवत राहिली.
आई कपड्यांच्या घड्या घालत होती. सांगितलं तिला, की दादालाही हेच असणार, त्याला ताप येणं शक्यच नव्हतं. कुणालाच कळलं नसतं. तिने हातातला बाबांचा शर्ट मांडीवर ठेवला.
"मी सारखा हात लावून बघत होते गं. गार होता."
मग डोळे पुसले आणि विचारलं, धाकटीचं रक्त कधी घ्यायचं?

१९ मार्च
धाकटीचंही तेच निघालं. लसी, रोजची गोळी. तिला एकच काळजी — आता तापाचं निमित्त करून शाळा बुडवता येणार नाही. आई हसली. खळखळून. डॉक्टरांनी बजावलंय, तापाची वाट बघायची नाही. पोर नेहमीसारखी वाटली नाही की तडक आणा.

२२ मार्च
धाकटी वैतागली. आई येता-जाता तिच्या तोंडाकडे बघते.

६ मे
दुपारी आईचा फोन, दवाखान्यातून. धाकटी सकाळी मान धरूनच उठली, उजेड सोसवेना. कपाळ गार. बाबा म्हणाले, संध्याकाळपर्यंत बघू. आईने ऐकलं नाही, गाडी बोलावली. मेंदूज्वरच — पण औषध लागू पडतंय, आत्ताच तिने खायला मागितलं.
"डॉक्टर म्हणाले..." आईने पुन्हा सुरुवात केली. "म्हणाले, वेळेवर आणलंत."