सोलकढीत शिंकलेली माशी

सेरंगून,
३ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नमस्कार पद्धत म्हणून लिहिला आहे, मनापासून नाही. तुझा नंबर मी ब्लॉक केला आहे आणि बोलायचं तर खूप आहे, म्हणून हा कागद. सिंगापूरच्या सर्कल लाइन मेट्रोने तुझं बुओना व्हिस्टा वीस-पंचवीस मिनिटांवर. एवढ्याशा अंतरासाठी स्टँप लावून पत्र टाकणारी या शहरात मी एकटीच असेन.

'निस्पृह खवय्या' या नावाने नकाशाच्या अ‍ॅपवर हॉटेलांचे वाभाडे काढणारा तूच, हे आपल्या मराठी मंडळात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दुसऱ्यांबद्दल लिहीत होतास तोवर मीही हसत वाचायचे. शुक्रवारी माझ्या 'माजघर'वर लिहिलंस. तुझंच वाक्य तुला वाचून दाखवते: "पोटात कावळे ओरडत होते म्हणून शिरलो. थालीपीठ खाण्याजोगं. पिठल्याला नाव ठेवायला जागा नाही. सगळं जमून येत होतं, पण सोलकढीत माशी शिंकली." तारे तीन.

आता पुढचं ऐक. ज्यांच्या कॉफीशॉपमध्ये माझा स्टॉल आहे त्या मिस्टर एन्गना मराठी येत नाही, पण भाषांतराचं बटण दाबता येतं. सोमवारी त्यांनी मला बोलावून छापलेला कागद समोर धरला. त्यात इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की गिऱ्हाइकाच्या अवतीभवती कावळे ओरडत होते आणि पेयात माशी शिंकली. मी म्हटलं, हा वाक्प्रचार आहे, म्हणजे ऐन वेळी काहीतरी बिघडलं एवढंच. त्यांनी शांतपणे विचारलं की जेवणाबद्दल बोलताना माशी आणणारी ही कोणती माणसं.

माझा करार महिनाअखेर संपतो. ती जागा ऑक्टोबरपासून बबल टीवाल्याला द्यायची की मला, हे ते वीस तारखेपर्यंत ठरवणार आहेत. हे कोणी लिहिलं, ओळखीचं आहे का, असंही त्यांनी विचारलं. मी तो कागद घडी घालून एप्रनच्या खिशात कोंबला. लाज वाटली, तुझी की माझी, ते अजून ठरवते आहे.

बँकेतली चौदा वर्षांची नोकरी गेल्यावर हा स्टॉल मी हिमतीने उभा केला. तीन वर्षांत तू एकदाही फिरकला नाहीस. आलास तो वीस ऑगस्टला, नेमका मी नसताना. मी कुठे होते? तुझ्याच फ्लॅटवर. तुमच्या बेडरूमच्या एसीवाल्याची वाट बघत तीन तास बसले होते, कारण तू गळ घातलीस. तो मेला आलाच नाही. आणि त्यानंतर आठवड्याने गणपतीला माझ्याकडे नऊ मोदक खाल्लेस तेव्हाही तोंडातून ब्र काढला नाहीस.

ते परीक्षण आजच्या आज काढ. लोभ होता, सध्या शिल्लक नाही.

सुनेत्रा

*

बुओना व्हिस्टा,
६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सुनेत्रास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून वळणदार आहे हे पाहून बरं वाटलं. मजकुराबद्दल तसं म्हणता येणार नाही.

आजवर मी एकशे चौदा परीक्षणं लिहिली, त्यातलं एकही मागे घेतलेलं नाही. मरीन पॅरेडच्या एका डोसेवाल्याने हातापाया पडून विनवलं होतं, तरी नाही. उद्या लोक म्हणतील की बहिणीचं आलं तेव्हा याने शेपूट घातली. तुझ्या स्टॉलला मुद्दाम चार तारे दिले असते तर ती लबाडी झाली असती, आणि आपल्या घरात लबाडी कोणी शिकवली नाही.

माझं मराठी अगदी शुद्ध आहे. एका यंत्राला 'माशी शिंकणे' कळत नाही म्हणून मी मिळमिळीत लिहू लागायचं का? राग यायचा तर मला यायला हवा, आणि आला आहे. 'नाव ठेवायला जागा नाही' हे मी आयुष्यात दोनदाच लिहिलं आहे, त्याचं तुला काहीच नाही. सोलकढी मात्र खरोखर बिघडली होती. नारळाचं दूध फाटलेलं होतं आणि वर तवंग आला होता. आई असती तर तिने ती मोरीत ओतली असती.

तोडगा सुचवतो. परीक्षणाखाली दोन्ही वाक्प्रचारांचे अर्थ देणारी पुरवणी जोडतो. तू त्या गृहस्थांना शांतपणे, कागदपत्रं घेऊन भेट. आरडाओरडा करू नकोस, तुला ती सवय आहे.

चंद्रशेखररावांना नमस्कार, अनुयाला आशीर्वाद. राग आटोपला की कळव.

तुझा,
दादा

*

बुओना व्हिस्टा,
८ सप्टेंबर २०२५

प्रिय सुनेत्रा,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं पत्र यांनी टेबलावर उघडं टाकलं होतं, म्हणून वाचलं. वाचून डोकं सणकलं, आणि हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं म्हणून लिहिते आहे.

आमच्या बेडरूमचा एसी कधीच बिघडला नव्हता. वीस ऑगस्टच्या रात्री मी त्यात गारठून दुलई घेतली होती. एसीवाल्यासाठी तुला बसवलं होतं असं तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा मी यांना खोदून विचारलं. आधी इकडचं तिकडचं बोलले, मग चक्क अभिमानाने सांगितलं. तू स्टॉलवर असतीस तर ओळखून खास ताट वाढलं असतंस, म्हणून तुला तिथून हलवणं भाग होतं म्हणे. निःपक्षपातीपणासाठी माणूस एवढं करू शकतो हे मला लग्नाला एकवीस वर्षं होऊन माहीत नव्हतं.

रोहन तिथेच जेवत होता. त्याचं मराठी तुला माहीतच आहे. तो एवढंच म्हणाला, "पप्पा सो शेमलेस वन." सिंगापुरी इंग्रजीला मी एरवी नावं ठेवते, त्या दिवशी ताटात जास्तीची पोळी वाढली.

अजून एक आहे. यांच्या ऑफिसातल्या अभय आणि क्षिप्राला मी एकदा तुझ्या स्टॉलवर पाठवणार होते. यांनी मला अडवलं. तू फूड कन्सल्टिंग करतेस असं यांनी तिथे सांगून ठेवलं आहे. मी तेव्हा गप्प बसले, ती माझी चूक. मला हवं तेवढं बोल, पण बोलणं तोडू नकोस.

तुझी,
स्मितावहिनी

*

सेरंगून,
१० सप्टेंबर २०२५

दादा,

आज सा. न. नाही आणि वि. वि. पण नाही.

वहिनीने सगळं लिहिलं. एसी धडधाकट होता. तुमच्या सोफ्यावर मी तीन तास बसले, मधे तुमच्या कुंड्यांना पाणी घातलं, बेसिनमधली भांडी घासली, कारण भाऊ ऑफिसात खपतोय आणि वहिनीला वेळ नाही असं मला वाटत होतं. तू तेव्हा माझ्या स्टॉलसमोर बसून माझ्यावर तारे मोजत होतास.

मी नव्हते म्हणून त्या दिवशी सोलकढी सेल्वीअक्काने केली. ती बिचारी काउंटर सांभाळते, सोलकढी तिचं काम नाही. घाईत तिने खोबऱ्यात कढत पाणी ओतलं आणि दूध फाटलं. माझ्यापासून लपवायला नको म्हणून तिने त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं आणि रडली. आता तू सांग माशी कुठे शिंकली ते. तुझ्या बेडरूममध्ये शिंकली, दादा. आणि आईचं नाव मधे आणू नकोस. आईच्या सोलकढीला खोबरं खवून बोटं सोलपटली ती माझी. तू फक्त प्यायलास.

पण हेसुद्धा मी गिळलं असतं. फूड कन्सल्टिंग गिळता येत नाही. तू तीन वर्षं का आला नाहीस याची मी स्वतःलाच कारणं देत राहिले. कामं असतील, लांब पडत असेल, शेजारच्या मांसाहारी स्टॉलचा वास चालत नसेल. खरं कारण एवढंच की बहीण एप्रन बांधून कॉफीशॉपमध्ये पिठलं वाढते हे तुला कोणाला दिसायला नको होतं. बँकेत होते तेव्हा माझं व्हिजिटिंग कार्ड पाकिटात घेऊन फिरायचास. मला तुझा इतका राग आला आहे की भाकरी थापताना ती फाटते.

पुरवणी तुझ्याजवळच ठेव. मिस्टर एन्गकडे तू स्वतः जा, आणि तू माझा कोण ते सांग. वीस तारखेच्या आत. नाही गेलास तर भाऊबीजेला माझं दार वाजवू नकोस.

सुनेत्रा

*

बुओना व्हिस्टा,
१४ सप्टेंबर २०२५

चि. सुनेत्रास,
आशीर्वाद.

काल दुपारी जाऊन आलो. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण तेवढंच मला येतं.

इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. मिस्टर एन्गना कावळे आणि माशी समजावता समजावता तासभर गेला. कावळे पोटात असतात हे ऐकून ते आणखी घाबरले. शेवटी त्यांनी विचारलं की मला एवढी माहिती कशी, मी कोण. सुनेत्रा, तेवढा एक शब्द म्हणायला मला फार वेळ लागला. ब्रदर म्हणालो. त्यांना वाटलं स्टॉलवालीची बाजू मांडायला भाऊ आला आहे, आणि ते जरा सैलावले. मग मी सांगितलं की लिहिणाराही मीच.

त्यानंतर ते हॉकिएनमध्ये, त्यांच्या चिनी बोलीत बोलले. मला एक अक्षर कळलं नाही, आणि सगळं कळलं. चहा पिणारे म्हातारे वळून बघत होते. नंतर त्यांनी मला तुझ्या काउंटरवरून सोलकढी आणायला लावली. तू आतल्या बाजूला पाठमोरी भाकरी थापत होतीस, मला पाहिलं नाहीस. हाक मारायचा धीर झाला नाही. त्यांनी ती मला सगळ्यांदेखत प्यायला लावली आणि विचारलं कशी आहे. तोंडातून सवयीने गेलं, "नॉट बॅड." मी चपापलो. पण या देशात त्याहून मोठी शाबासकी नसते म्हणे. ते खूश झाले आणि त्यांनी मला कॉफी पाजली.

फूड कन्सल्टिंगचं खरं आहे. कारण शोधलं, सापडलं नाही. तू बँकेत होतीस तेव्हा तुझ्याबद्दल सांगताना माझीच उंची वाढल्यासारखी वाटायची, एवढंच सापडलं. एसीबद्दलही मी चुकलो. परीक्षण काढायला हात धजत नाही. काढलं तर मी काही केलंच नाही असं दिसेल.

दादा

*

सेरंगून,
१७ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मिस्टर एन्गनी काल बोलावलं. करार दोन वर्षांसाठी वाढला, जागा माझ्याकडेच राहिली. सेल्वीअक्काने सगळ्या टेबलांना फुकट चहा वाटला. अनुयाने पेढे आणले.

मी मात्र घरी येऊन संतापाने रडले. चंद्रशेखरला कळेना की आता काय झालं. तुला कळतंय का बघ. मिस्टर एन्ग म्हणाले की तुझा भाऊ मोठ्या हुद्द्यावरचा दिसतो, सभ्य आहे, तो खात्री देतोय तर प्रश्नच मिटला. तीन वर्षं मी रोज दोनदा काउंटर उकळत्या पाण्याने पुसते, ते त्यांच्या डोळ्यांसमोर. ते मोजलं गेलं नाही. तू तीन ओळी लिहिल्यास, जागा जायला निघाली. तू शर्ट घालून आलास, जागा परत आली. यात मी कुठे आहे? मी त्यांना तोंडावर हेच विचारलं. ते ओशाळले, आणि पुढच्या वेळी मला विचारतील म्हणाले. बघू.

तुझ्यावरचा राग अजून उतरलेला नाही, पण तू जे खरं लिहिलंस ते दोनदा वाचलं. ती सोलकढी मीच केलेली होती. तू तिथे उभा होतास आणि हाक मारली नाहीस, याचं रडू वेगळंच आलं.

परीक्षण काढू नकोस. राहू दे तसंच, माशीसकट. फक्त त्या निस्पृह खवय्याच्या बुरख्याआडून बाहेर ये. खाली तुझं नाव घाल आणि माझं. मी तुझी कोण तेही घाल. तुझ्या ऑफिसातली माणसं तो नकाशा बघतात ना? बघू देत.

एवढं केलंस तर पुढचं बोलू. तोवर आहे तेवढाच लोभ पुरवून वापरावा.

सुनेत्रा

*

बुओना व्हिस्टा,
१९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सुनेत्रास,
अ. उ. आ.

आज सकाळी परीक्षणाखाली घातलं. अभयने पाहिलं, क्षिप्राने पाहिलं, दुपारच्या जेवणाला मीच दोघांना सगळं सांगितलं. इंग्रजी मी स्वतः केलं आहे, यंत्रावर सोडलं नाही. मराठी मजकूर खाली उतरवतो. शब्द खटकला तर कळव, बदलतो. हे वाक्य मी आजवर कोणालाच लिहिलेलं नाही.

"वरील परीक्षण माझं आहे. माझं नाव निशिकांत रवींद्र केतकर. 'माजघर' चालवणारी सुनेत्रा माझी सख्खी धाकटी बहीण आहे, आणि ही गोष्ट मी तीन वर्षं लपवली. ती तिथे नसावी अशी सोय मीच केली आणि मग तिच्या हातचं नसलेलं खाऊन तिच्या नावावर लिहिलं. मी अजून तिच्यासमोर बसून जेवलेलो नाही. तोवर माझ्या एकाही शब्दावर विश्वास ठेवू नये."

दादा