पंचाण्णव नको, दादा

मिरजगाव,
२५ मार्च १९९७

प्रिय प्रवीणदादा,
सप्रेम जयभीम.

आई बरी आहे, गुडघा कुरकुरतो तेवढाच. वहिनींना नमस्कार. एसटीतून पाठवलेल्या फ्लॉप्या पोचल्या.

तू म्हणालास म्हणून घरातल्या क्लासच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज पंचाण्णव चढवलं. चढलं, पण मेमरी जेमतेम चार एमबी. ते सुरू होईस्तोवर शिकायला येणाऱ्या मुली पाणी पिऊन, वेण्या घालून परत येतात. एक फाईल उघडली की हार्डडिस्क करकरत बसते. आवाज कसा येतो ते कळव, असं लिहिलं होतंस. उजवा कान लावून ऐकला. दमलेल्या माणसासारखा येतो.

नुसत्या डॉसवर परत जावं, तर त्यांतली माधुरी म्हणते, "ताई, नोकरीला माउस येतो का इचारतात." तिचंही खरं. आठवडाभर कशात लक्ष लागेना. शेवटी ठरवलं: पंचाण्णव काढायचं, डॉस घालायचं आणि त्यावर जुनं, हलकं विंडोज, म्हणजे माउसही चालेल. तुला पटणार नाही, माहीत आहे.

परवा रविवारी मुलींचं काम फ्लॉपीवर उतरवून घेतलं, डिस्क पुसायला लावली, आणि कर्जतहून हे आले. तूच पाठवलंस म्हणाले.

"डबडं बंद कर. आवर. एसटी निघंल."

"मध्येच बंद करता येत नाही," मी म्हटलं.

ते बटणाकडे वाकले. मी आडवी उभी राहिले.

आई चुलीपासून उठून आली. "पावनं, हात लावू नका. ती येत न्हाई."

पाणीसुद्धा न घेता ते गेले.

दिवाळीत मी जिन्यावरून पडले नव्हते. डाव्या कानाने तेव्हापासून ऐकू येत नाही. आईने न विचारता ओळखलं. तुला सांगितलं नाही, कारण तू "समजून घे" म्हणशील याची भीती. अजूनही आहे, हे पत्र दोनदा फाडलं.

काल मशीन झटक्यात सुरू झालं. माधुरीने माउसने वेडंवाकडं घर काढलं. मुली हसल्या. मीही.

यापुढे त्यांना निरोप धाडू नकोस. त्यापेक्षा एक दिवस सवड काढून ये. नगरला कानाच्या डॉक्टरकडे जायचंय, आणि एकटीने जायचा धीर होत नाही.

तुझी धाकटी, आता इथेच राहणारी,
दीपा