दुसऱ्यांदा वापरलेली कपची

मी, बीला, दोन लेकींची आई, वय कारकुनाने साठ लावले आहे, लावू दे. कोणाच्या दबावाशिवाय, राजीखुशीने हे सांगून लिहवून घेते. "शुद्धीवर आहेस असंही लिहावं लागतं, आजी," असे लिहिणारा कारकून भिकू सावंत म्हणतो. लिही बाबा. तुझ्यापेक्षा जास्तच आहे.

एक. टोपल्या, जाळे आणि मधाचे भांडे थोरली इल्पे हिला. धाकटीने मध मागू नये. तिचा नवरा एका बैठकीत संपवतो.

दोन. डोकी भादरायच्या कपच्या काढायला हिरव्या बाटल्यांची सात बुडे धाकटी तुरा हिला. पांढरा दगड आधी विस्तवात तापवतात तशी काच तापवू नये, थंडच फोडावी. दगडाच्या कपचीपेक्षा काचेने डोके गुळगुळीत होते. काचेत खोट नाही. खोट पुढच्या कलमात आहे.

तीन. नवरा वारला (त्याचे नाव घेत नाही), तेव्हा दुखवट्यात सगळ्यांची डोकी मी आणि माझी नणंद लोकाला, दोघी शेजारी शेजारी बसून भादरत होतो. ती दगडाने, मी काचेने. एका डोक्याला एक कपची, मग ती उकिरड्यावर, हा आमचा रिवाज. दगड किनाऱ्यावर हवा तेवढा; काचेची मात्र तेव्हा एकच बाटली, लाटेने आणलेली. एका म्हातारीचे डोके झाले तरी कपचीची धार तशीच होती. टाकवेना. तीच लोकालाच्या लेकीला लावली. डोक्यावरची जखम चिघळली, पोर दोन महिने तापात. तिथे आजही केस नाहीत.

"वैनी, असं कशानं झालं गं?" लोकालाने विचारले.

मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तू शेजारी दगड फोडत होतीस. कण उडाला असेल. जरा जपून फोडत जा."

तिने दगड फोडायचा गोटा फेकून दिला, पुन्हा धरला नाही. तिच्यासारखी कपची कोणाची निघत नसे. माझी तर नाहीच.

चार. तो गोटा मी उचलून आजवर वापरला. तो लोकालाला. हे देणे नव्हे, परत करणे आहे.

पाच. मी मेल्यावर लेकींची डोकी लोकालाने भादरावीत, दगडाने. ती नाही म्हणाली तर कलम तीन सगळ्यांना वाचून दाखवावे.

साक्षीसाठी लोकालाला बोलावले होते. भिकूने वाचलेले ऐकून तिने गोटा तळहातावर तोलला. "झिजवलास," म्हणाली. मग म्हणाली, "मेल्यावर दुसऱ्याच्या तोंडून कशाला, वैनी? कण उडाला ते सांगताना तुझं तोंड चांगलं चालत होतं."

म्हणून कलम पाचची दुसरी ओळ खोडली आहे. तिच्या जागी: उद्या सकाळी, सगळ्यांदेखत, मी स्वतः सांगेन. मगच तिचा अंगठा घ्यावा.

निशाणी अंगठा: बीला
साक्षीदार: भिकू सावंत (सही)
साक्षीदार: लोकाला (जागा मोकळी सोडली आहे)

मधल्या खाडीचा किनारा, अंदमान
३ मार्च १८९१