मापाच्या वहीतलं तुझं पान

प्रिय भिंगरी,

तुझी चिठ्ठी आणि शाळेने दिलेलं निळं कापड, दोन्ही मंगळवारीच मिळालं. कापड छान आहे, धुतल्यावर आटणारं नाही. कार्यक्रमाला अजून अठरा दिवस आहेत आणि असा झगा मी एका दुपारात उभा करते हे तुला ठाऊक आहे. तरी कापड अजून घडी घालूनच मशीनवर पडलंय. खडूने आखायला बसले, चिठ्ठीतली मापं वाचत वाचत कंबरेपाशी आले आणि कात्री खाली ठेवली. त्याच संध्याकाळी तुमच्या वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला. सकाळच्या रांगेत तू चक्कर येऊन पडलीस, आणि गेले तीन आठवडे दुपारचं ताट शेजारच्या मुलीकडे सरकवतेस, असं त्या म्हणाल्या. मला मात्र फोनवर रोज ‘जेवले गं’ सांगतेस, आणि किती सहज सांगतेस! आधी चांगली खरडपट्टी काढणार होते. मग हे कुणाकडून शिकलीस ते आठवलं आणि मूग गिळून बसले.

लहानपणी एका जागी बसणं तुला माहीतच नव्हतं, म्हणून तर भिंगरी हे नाव पडलं. दहा-अकरा वर्षांची झालीस, अंगाने थोराड दिसायला लागलीस, आणि मीच तुला खाली बसवलं. रस्त्यावरची रहदारी, लोकांच्या नजरा, माझा भित्रा स्वभाव. ‘आता मोठी झालीस, हुंदडणं पुरे’ म्हणाले, उड्यांची दोरी माळ्यावर टाकली आणि सायकल देऊन टाकली. मग घरात बसलेल्या पोरीला काहीतरी हवं ना? मी सकाळी आठपासून मशीनवर. समोरच्या दुकानातून बटाट्याच्या कापांचं पाकीट यायचं, क्रीमची बिस्किटं यायची, ती लाल गोड पाण्याची बाटली यायची. नळाच्या पाण्याने पोट बिघडतं, त्यापेक्षा बाटली बरी, असं मी शेजारणीलासुद्धा ठासून सांगायचे. शहाणपणाला तोटाच नव्हता. माझ्या आईने पोटाला चिमटा काढून आम्हाला वाढवलं. तुझ्या वयाची असताना माझ्या फासळ्या लांबून मोजता यायच्या. त्यामुळे तुझे भरलेले गाल बघितले की वाटायचं, जिंकले बाई मी. कुणी ‘पोरगी छान बाळसेदार आहे हो’ म्हटलं की मशीन आपोआप जोरात चालायचं. हसू नकोस, खरंच चालायचं.

ती पडदे शिवायला आणणारी फटकळ बाई आठवते? तुला तेरा पूर्ण झाली होती, मी तुझं गणवेशाचं माप घेत होते, आणि ती आपली हसत म्हणाली, “हिला माझ्या पडद्याचंच कापड लागेल की!” तू फक्त श्वास आत ओढलास आणि टेप कंबरेला असेपर्यंत सोडलाच नाहीस. तरी टेपवर तीस आलं. मी मोठ्याने म्हणाले, “अठ्ठावीस. गेल्या वर्षीइतकंच.” आणि वहीत तसंच लिहिलं. तुझा चेहरा असा खुलला की मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. पुढच्या वर्षी बत्तीस झालं, मी अठ्ठावीस लिहिलं. नंतर चौतीस झालं, तरी अठ्ठावीसच. तू शाळेत गेलीस की मी तुझे कपडे बाजूने उसवायचे, शिवणीच्या आत राखलेली जास्तीच्या कापडाची माया सोडायची, नवी टीप मारून इस्त्री फिरवायची. जुन्या शिवणीची खूणसुद्धा उरायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! अख्ख्या गल्लीतल्या बायकांच्या मापात मी पाव इंच इकडचा तिकडे होऊ देत नाही, आणि पोटच्या पोरीच्या पानावर तीन वर्षं तोच एक आकडा.

खेळाचे तयार कपडे वाटले त्या दिवसाचंही बाईंनीच सांगितलं. तुला माप विचारलं, तू सगळ्यांसमोर ठणकावून “अठ्ठावीस” म्हणालीस, आणि पँट मांडीच्या वर चढेना. मुली फिदीफिदी हसल्या. बाई म्हणाल्या, हसणाऱ्यांतल्या दोघी-तिघी तुझ्याहून जाड होत्या, पण त्यांना आपापला आकडा ठाऊक होता. हे ऐकल्यापासून माझा हात मशीनवर चालत नाही. तुला त्या खोलीत तोंडघशी पाडायला मी तिथे असायचीसुद्धा गरज पडली नाही.

काल आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंकडे जाऊन आले. त्या स्पष्टच बोलल्या. वजन जास्त आहे, त्याच्याकडे डोळेझाक नको, पुढे साखर मागे लागते. पण उपाशी राहून आधी पोर हातची जाईल. पोटभर साधं जेवण, पाकिटं बंद, आणि रोज पळू दे, खेळू दे. मी म्हटलं, पळत होती हो, मीच थांबवली. त्यावर त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. दोरी मी माळ्यावरून काढलीय. दोन-तीन दिवस दुकानात गेले नाही, तर दुकानदार विचारतो, “काय ताई, रुसलात का आमच्यावर?”

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तुझ्या चिठ्ठीत कंबर अठ्ठावीस आहे, आणि खाली बारीक अक्षरात, ‘तोपर्यंत होईन मी, तू शिवून ठेव.’ तुला वाटतंय की इथून गेलीस तेव्हा तू अठ्ठावीस होतीस, चार महिन्यांत तिथल्या जेवणाने फुगलीस, आणि आता परत तिथे पोहोचायचंय. पोरी, बारा वर्षांची होतीस तेवढं सोडलं तर तू तिथे कधी नव्हतीसच. जिच्या मापात बसायला तू ताट सरकवतेस ती मुलगी फक्त माझ्या वहीत आहे. ती मी बनवली, तुला वाईट वाटू नये म्हणून, आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटू नये म्हणून. चुकले गं मी. रविवारी सकाळच्या गाडीने येते. टेप, वही आणि हे न कापलेलं कापड घेऊन. श्वास सोडून, सरळ उभी राहा. जे माप येईल ते तूच तुझ्या हाताने त्या पानावर लिही, आणि मी त्याच मापाचा, तुला शोभेल असा झगा शिवीन. माझ्यावर हवं तेवढं रागाव, महिनाभर बोलू नकोस. पण भरल्या पोटी रागाव.

तुझीच,
आई