काल गेलेलं जहाज

अण्णा, मी अंदमानला जाऊन आले. सत्तरी उलटल्यावर, तुमच्याशिवाय आणि आईशिवाय. आणि तिथे मला तुमचा असा संताप आला, की बरोबरच्या बायकांना वाटलं, म्हातारीला ऊन लागलं.

सगळं बघितलं. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ, समोरच्या बेटावरची हरणं, झाडांच्या मुळ्यांनी गिळलेलं चर्च. शेजारच्या बंगाली वहिनींकडून, बोउदींकडून, ऐकलेलं यातलं बरंचसं आई कणीक मळता मळता मला सांगायची. पण तिला बघायचा होता तो तुरुंग. तिचा थोरला भाऊ तिथून परत आला नव्हता. "एकदा त्या कोठडीत जाऊन येते, मग कुठे न्या म्हणणार नाही," असं तिने तुम्हाला किती वेळा विनवलं होतं!

जहाज कधी सुटेल याचा तेव्हा नेम नसायचा. तुम्ही खिदिरपूरच्या गोदीवर चौकशीला गेलात, मी तुमचं बोट धरून. दरवान म्हणाला, "काल, बाबू, काल!" झालं! तुम्ही पाय आपटत ट्रामकडे निघालात. मी म्हटलं, "अण्णा, बंगालीत उद्यालासुद्धा कालच म्हणतात." "गप्प बस! मोठी आलीस मला शिकवणारी!" अहो, मी त्या शहरात जन्मलेली! तुम्ही बँकेतले साहेब. बदली आज होईल, उद्या होईल म्हणत दहा वर्षं राहिलात आणि तिथले चार शब्द शिकला नाहीत. त्याची शिक्षा आईला का?

घरी ती प्रवासासाठी दशम्या करतेय. "जहाज कालच गेलं," तुम्ही दारातूनच सांगता. ती शेगडीवरून तवा उतरवते. दोन दिवसांनी बोउदी म्हणाल्या, जहाज तर तुम्ही चौकशी करून आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सुटलं. तुम्ही वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाहीत. 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत तुमच्या! वर्षभरात आई गेली.

हे पत्र घालू कुठल्या पेटीत? पण लिहायला बसलेच आहे, तर उरलेलंही लिहिते. त्या दिवशी तुम्ही हातपाय धुवायला गेलात, तेव्हा आईने मला जवळ घेऊन विचारलं होतं, "दरवान नक्की काय म्हणाला गं?" मी तुमच्यावर फुगले होते. उद्या जहाज सुटेल आणि तुमची चांगली फजिती होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हटलं, "मला नाही ऐकू आलं."